चर्चमध्ये कॉयर आणि भजनी मंडळाचा एकत्र कार्यक्रम: आधी घुमणारी वास्तू समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका गावच्या चर्चचा अठरा जणांचा कॉयर (गायकवृंद) आणि शेजारच्या वाड्यावरचे मराठी भजनी मंडळ यांना नाताळानंतर चर्चमध्ये मिळून गायचे आहे. कॉयरकडे कीबोर्ड, दोन व्हायोलिन आणि एक क्लॅरिनेट आहे. मंडळाकडे पेटी, तबला, पखवाज आणि टाळांच्या दहा-बारा जोड्या आहेत. कॉयर वर कोरावर, म्हणजे मागच्या बाजूच्या माडीवर, आणि मंडळ खाली वेदीजवळ बसवून पहिली तालीम केली. शब्द कळेनात, तबला सतत मागे पडतोय असे वाटले आणि पेटी-व्हायोलिन जुळेनात. साउंडवाल्याने चार मोठे स्पीकर लावायला सांगितले आहे. आता काय करावे?

स्पीकर आणू नका. घुमणाऱ्या वास्तूत आवाज वाढवला की घुमणेही तेवढेच वाढते, स्पष्टता येत नाही. तालमीत जे बिघडले त्यातले बरेचसे गाणाऱ्यांमुळे नव्हे, वास्तूमुळे बिघडले आहे आणि त्याचा हिशेब मांडता येतो.

गावच्या चर्चच्या भिंती जाड चिऱ्याच्या असतात, त्यांच्यावर गिलावा असतो आणि खाली फरशी. यातले काहीच आवाज फारसे शोषत नाही. समजा, आतली जागा ३० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि १० मीटर उंच आहे. म्हणजे ३००० घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून पृष्ठभाग १४०० चौरस मीटर. सरासरी शोषण आठ टक्के धरले तर ११२ चौरस मीटर. आवाज विरायला लागणारा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ भागिले शोषण. तो येतो ४.३ सेकंद. आता बाकांवर २०० माणसे बसवा. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषण देतो, म्हणजे शंभराची भर पडली. वेळ येतो २.३ सेकंद. तुमची तालीम रिकाम्या चर्चमध्ये झाली. जे ऐकून तुम्ही घाबरलात, ते कार्यक्रमाच्या दिवशी निम्म्यावर येणार आहे. छत कमानीचे नसून लाकडी वाशांवर कौलांचे असेल तर आणखी थोडे कमी, कारण कौलांच्या फटींतून आवाज बाहेर जातो.

स्वतः मोजायचे तर सगळे पंखे बंद करा, वेदीच्या पायरीवर उभे राहून फुगा फोडा आणि मधल्या बाकावर मोबाइलवर रेकॉर्ड करा. आवाज पूर्ण मरेपर्यंतचे सेकंद मोजा. अंदाजासाठी एवढे पुरते.

हा आकडा हातात आला की गाणी निवडणे सोपे होते. भजन मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत गेले तर एक मात्रा ०.३७५ सेकंदाची. २.३ सेकंदांत सहा मात्रा एकमेकींवर साचतात, त्यात शब्द कुठून कळणार! तेच भजन ७२ च्या लयीत घेतले तर तीन मात्राही साचत नाहीत. म्हणून चर्चमध्ये चढती लय, लग्गी, दुगुनीचा गजर वर्ज्य समजा. मंडळाला हे जड जाते, कारण देवळाच्या उघड्या सभामंडपात रंग चढतो तो शेवटच्या गजरालाच. पण इथे रंग चढतो तो लांबलेल्या स्वराने. षड्जावर ठेहराव घेऊन थांबा, वास्तू तो स्वर पुढे दोन सेकंद धरून ठेवते. कॉयरला हे अंगवळणी असते, मंडळाने ते त्यांच्याकडून घ्यावे. उलट व्यंजने तोडून, नेमकी म्हणायची सवय मंडळाकडून कॉयरने घ्यावी. ओळीच्या शेवटचा ‘त’ किंवा ‘क’ अठराही जणांनी एका क्षणी सोडला पाहिजे. मागेपुढे सोडला तर श्रोत्याला नुसती टकटक ऐकू येते.

आता तबल्याचे. तबलजी बहुधा बरोबर वाजवत होता. आपल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो. कोरापासून वेदीच्या पायरीपर्यंत २५ मीटर अंतर असेल तर आवाज पोचायला ७२ मिलिसेकंद लागतात. १६० च्या लयीत हा मात्रेचा जवळजवळ पाचवा भाग झाला. वरच्यांना तबला उशिरा ऐकू येतो, ते त्याच्याबरोबर गातात, आणि त्यांचे गाणे खाली पुन्हा तेवढ्याच उशिराने पोचते. तबलजी त्यांच्यासाठी थांबला की लय ढासळत जाते. यावर माइक हा उपाय नाही. सगळ्यांना एकत्र बसवा. संचालक, तबला, पेटी आणि कॉयरची पहिली रांग यांच्यात सहा मीटरपेक्षा जास्त अंतर नको.

कुठे बसवायचे? वेदीच्या चौथऱ्यावर नाही. याबद्दल नियम स्पष्ट आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो. चौथऱ्याखाली, पायरी आणि पहिल्या बाकांच्या मधली जागा योग्य. ती अपुरी असेल तर पुढचे दोन-दोन बाक काढून घ्या. कॉयर तीन रांगांत, दर रांग २० सेंटिमीटर उंच, एका माणसाला ६० सेंटिमीटर रुंदी. मंडळ डावीकडे जमिनीवर, पण भिंतीपासून निदान दीड मीटर पुढे. पखवाज किंवा तबल्याचा डग्गा कोपऱ्यात गेला की खर्जाचा नुसता गुरगुराट होतो. खाली गालिचा घालून तो जात नाही, कारण गालिचा वरचे स्वर खातो आणि खर्ज तसाच ठेवतो. कॉयरच्या पायाखाली तर गालिचा मुळीच नको. फरशीवरून परतणारा आवाज त्यांना हवा असतो, तो गेला की गाणारे एकमेकांना ऐकू शकत नाहीत आणि ओरडू लागतात.

टाळांची एकच जोडी ठेवा, तीही समेला आणि टाळीला हलकेच. बारा जोड्या दोन सेकंद झणझणत राहिल्या तर त्यांच्याखाली सगळे शब्द बुडतात. पखवाज आणि तबला दोन्ही एकाच गाण्यात नको. पखवाज घेतलात तर डाव्या तोंडाला कणीक नेहमीपेक्षा कमी लावा.

कोर रिकामा सोडू नका मात्र. तिथून एक गोष्ट फार सुंदर होते: अगदी सुरुवातीला, कुठल्याही वाद्याशिवाय, चार-पाच आवाजांत एक जुने लॅटिन किंवा कोंकणी गायन. आवाज श्रोत्यांच्या पाठीमागून, वरून येतो आणि निवेदनाशिवाय सगळे शांत होतात. ते संपेपर्यंत खाली कोणी वाजवायचे नाही.

पट्टी आणि मिळवणी. तुमच्या सगळ्या अडचणींत खरी अवघड हीच, आणि बहुतेक ठिकाणी ती शेवटच्या दिवसावर ढकलली जाते. पेटीचे सूर पक्के असतात, क्लॅरिनेटचे जवळजवळ पक्के, व्हायोलिन आणि तबला मिळवता येतात, कीबोर्डचा सूर बटणाने हलतो. म्हणून पेटीपासून सुरुवात करा. मोबाइलवर ट्यूनर लावून पेटीची मधली पांढरी सहा (पाश्चात्त्य ‘ए’) तपासा. ४४० ते ४४२ हर्ट्झ असेल तर प्रश्नच नाही. ४३८ असेल तर कीबोर्डचे मूळ ट्यूनिंग तेवढे खाली घ्या, क्लॅरिनेटचा वरचा जोड एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढा, व्हायोलिन पेटीवर मिळवा. ४४४ किंवा त्याहून वर निघाली तर दुसरी पेटी आणा. इथे एक हर्ट्झ म्हणजे साधारण चार सेंट, आणि सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. चार हर्ट्झचा फरक सोळा सेंटचा झाला, तो कोणालाही टोचतो, आणि क्लॅरिनेटला खाली आणता येते, वर नेता येत नाही. शिवाय क्लॅरिनेट वाजता वाजता गरम होऊन चढते, म्हणून दहा मिनिटे फुंकून झाल्यावरच मिळवायचे. थंड क्लॅरिनेट मिळवले तर तिसऱ्या गाण्यापर्यंत ते वर गेलेले असते आणि दोष व्हायोलिनवाल्यांवर येतो.

पट्टी कोणती? भजनी बुवांची सवय बहुधा काळी एक. व्हायोलिनसाठी ती वाईट, पाच कोमल चिन्हांची. अर्धा सूर वर, पांढरी दोनवर या. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा कामी येतात, पुरुषांना चालते, कॉयरच्या बायकांनाही खालचा षड्ज ते वरचा रिषभ आरामात पोचतो. क्लॅरिनेटला मात्र तिथे चार तीव्र चिन्हांत वाजवावे लागते. वादक नवा असेल तर त्याचा भाग महिनाभर आधी लिहून द्या, नाहीतर सगळ्यांनी पांढरी एकवर जा, तिथे त्याला दोनच चिन्हे लागतात. पांढरी दोनसाठी तबला सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा घ्या. मोठ्या तोंडाचा तबला ओढून चढवू नका, पुडी फाटते.

आणखी एक गोंधळ जुन्या मेस्तांकडे, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकांकडे, शिकलेल्या वादकांबरोबर होतो. गोव्याच्या पॅरिश (चर्चच्या) शाळांत पोर्तुगीज पद्धतीने सोल्फ, म्हणजे दो-रे-मी म्हणून सूर वाचणे, शिकवला गेला. त्यात ‘दो’ कायम पांढरी एकच असतो, आपला ‘सा’ मात्र पट्टीबरोबर हलतो. पांढरी दोनच्या पट्टीत बुवा ज्याला ‘सा’ म्हणतात त्याला व्हायोलिनवाला ‘रे’ म्हणेल, आणि दोघेही बरोबर असतील. पहिल्याच तालमीत हे फळ्यावर लिहून ठेवा. सूर दाखवताना नाव घेण्याऐवजी पेटीची पट्टी दाबून दाखवा.

कॉयर वाद्यांशिवाय गायला की दोन-तीन कडव्यांत थोडा उतरतो. त्यानंतर पेटीने सूर धरला की फरक उघडा पडतो. म्हणून वाद्यांशिवायचे गाणे पूर्ण वाद्यांशिवाय करा, मध्येच पेटी आणू नका. किंवा तानपुऱ्याचा आधार अगदी बारीक, पहिल्या रांगेलाच ऐकू येईल इतका ठेवा. पुरुष कमी असतील तर चार आवाजांचा हट्ट नको. अठरांत तिघेच पुरुष असतील तर पहिला आवाज, सेगुंद (जोडीचा दुसरा आवाज) आणि खालचा आवाज अशी तीन भागांची मांडणी करा. तृतीय अंतराने चालणारा सेगुंद गोव्यातल्या गाणाऱ्यांच्या कानात असतोच. मात्र भजनाच्या चालीखाली तो आंधळेपणाने लावू नका. चालीत कोमल निषाद किंवा तीव्र मध्यम आला की यांत्रिक सेगुंद चुकीच्या सुरावर जातो. अशा जागी सेगुंदाने षड्ज किंवा पंचम धरून उभे राहावे.

काय गावे, आणि परवानगी. रोमच्या उपासनाविषयक मंडळाने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी चर्चमधल्या संगीत कार्यक्रमांबद्दल पत्रक काढले आहे आणि ते आजही धरले जाते. त्यातले तुमच्या कामाचे मुद्दे असे: तारीख, वेळ, रचनांची आणि रचनाकारांची नावे देऊन धर्मप्रांताच्या प्रमुखाकडे वेळेत लेखी अर्ज करावा. प्रवेश मोफत आणि सर्वांना खुला हवा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी वेदीच्या चौथऱ्यावर बसू नये. वेदी, प्रवचनपीठ आणि धर्मगुरूचे आसन यांचा मान राखावा. पवित्र साक्रामेंत (अभिषिक्त भाकर) शक्यतो बाजूच्या कपेलात (छोट्या प्रार्थनागृहात) हलवावा. पोशाख जागेला साजेसा असावा. खर्च, मोडतोड आणि चर्च पूर्ववत करून देणे यांची जबाबदारी आयोजकाने लेखी घ्यावी. अर्ज आधी विगारांकडे, म्हणजे चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंकडे, द्या, तेच तो पणजीत आल्तिनोला आर्चबिशपांच्या कार्यालयात पाठवतील. निदान दोन महिने हातात ठेवा.

रचना पवित्र किंवा धार्मिक संगीतात बसणाऱ्या हव्यात, म्हणजे उपासनेसाठी रचलेल्या, किंवा बायबल, देव, मरियम, संत यांच्याशी नाते असलेल्या. विठ्ठलाचे अभंग चर्चच्या आत मागून विगारांना अडचणीत टाकू नका, आणि मंडळाला अभंग सोडायलाही सांगू नका. कार्यक्रम दोन भागांत करा: पाऊण तास आत, पाऊण तास बाहेरच्या पटांगणात. जुन्या गोव्याच्या मॉन्तच्या कपेलात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेचा संगीत महोत्सव अशीच विभागणी करतो. काही मैफली कपेलाच्या आत, काही बाहेरच्या उघड्यावर, आणि पाश्चात्त्य व भारतीय संगीत शेजारी-शेजारी. आवाजाच्या दृष्टीनेही हेच योग्य. बाहेर घुमणे नाही, तिथे गजर, पखवाज, बाराही टाळ मोकळेपणाने वाजू द्या.

आतल्या भागासाठी दोन्ही गटांचे समान धन आपल्याकडे आहेच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर इथे छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, मराठीत. ओवीही तीच, पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड. येशूजन्माच्या भागातल्या पाच-सहा ओव्या निवडा. बुवांनी ओवी मुक्त लयीत, ठेक्याशिवाय म्हणावी. कॉयरने तेवढा वेळ खाली षड्ज-पंचम ‘आ’कारात धरावा, श्वास आळीपाळीने घ्यावेत म्हणजे स्वर तुटत नाही. चौथा चरण संपला की पूर्ण थांबा, घुमणे विरू द्या, मग पुढची ओवी. दर दोन ओव्यांनंतर कॉयरचे छोटे ध्रुपद. सहा मिनिटांत बसते, आणि घुमणारी वास्तू जे करू शकते ते सगळे यात वापरले जाते. सगळ्या कार्यक्रमात सर्वांत जास्त तालीम याच रचनेला द्या.

घुमट, म्हणजे तोंडाला कातडे ताणलेले मातीच्या भांड्याचे वाद्य, हे दुसरे समान धन. गणपतीच्या आरत्यांत ते वाजते, ख्रिस्ती घरांतल्या मांडो या गाण्यांतही वाजते. राज्य सरकारने २०१९ मध्ये त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. घोरपडीचे कातडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, तेव्हा बकऱ्याच्या कातड्याचेच आणा. आत एकच पुरे. बाहेर चार-पाच घ्या, सोबत शामेळ (काठीने वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळे (झांजा). जानेवारीत रात्री दव पडते आणि कातडे सैल होते. दुपारी उन्हात तापवून ठेवा आणि वाजवायला काढेपर्यंत कापडात गुंडाळून ठेवा. पखवाजालाही तेच.

कॉपीराइटबद्दल: रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. हौशी मंडळाने मोफत प्रेक्षकांपुढे केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. यूट्यूबवर टाकणे ही वेगळी गोष्ट, त्यासाठी परवानगी लागते.

आता तारीख. ६ जानेवारीला रेइश मागुश, चांदोर आणि काणसावली-कुएली इथे तीन राजांचे फेस्त (चर्चचा सण) असते. तुम्ही बार्देशातले, तुमचे निम्मे श्रोते आणि कदाचित व्हायोलिनवालेही रेइश मागुशला असतील. त्यानंतरचा शनिवार-रविवार सर्वांत सोयीचा. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस, ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्यामध्ये कधीही येतो. उपासकाळ लागला की असा कार्यक्रम करू नये, त्या दिवसांत उपासनेतही वाद्ये फक्त गायनाला आधार म्हणून वाजतात.

माइक फक्त निवेदनाला, एक, आणि तो प्रवचनपीठावर नको, बाजूला वेगळ्या स्टँडवर. स्पीकर म्हणून चर्चचे भिंतीवरचे उभे कॉलम स्पीकर पुरतात. मिक्सरवर १५० हर्ट्झखालचे कापा, बोलणे लगेच सुटे होते. निवेदकाने वाक्य छोटे ठेवावे आणि वाक्यानंतर एक सेकंद थांबावे. पटांगणातल्या भागाला लाउडस्पीकरची परवानगी घ्या आणि रात्री १० च्या आत संपवा, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत ती मर्यादा आहे. हद्दीवर आवाज ७५ डेसिबलच्या वर नको, किंवा त्या परिसरासाठी ठरलेल्या आवाजाच्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त नको, यातले जे कमी ते. शाळा किंवा इस्पितळ शंभर मीटरच्या आत असेल तर तिथे वाद्ये चालतात का हे आधी विचारा आणि बाहेरचा भागही माइकशिवाय करा, चारशे माणसांपर्यंत भजनी मंडळाला माइक लागत नाही.

छताचे पंखे गाणे सुरू होण्याच्या मिनिटभर आधी बंद करा. खरखरीपेक्षा वाईट म्हणजे फिरती पाती आवाज कापतात आणि पेटीचा लांब स्वर थरथरल्यासारखा ऐकू येतो. जानेवारीच्या संध्याकाळी पंख्यांवाचून तासभर सहज निघतो. खिडक्या उघड्या ठेवा.

तालमी आठ आठवडे, आठवड्याला दोन, दीड-दीड तासाच्या. पहिल्या सहा आठवड्यांच्या शाळेच्या खोलीत किंवा हॉलमध्ये घ्या, कारण घुमणाऱ्या जागेत चुका झाकल्या जातात. शेवटच्या दोन आठवड्यांच्या चर्चमध्ये. रिकाम्या चर्चमध्ये जी लय जरा जास्तच संथ वाटते, ती भरलेल्या चर्चमध्ये बरोबर बसते. पण संचालकाचा हात त्या दिवशी घाईने चालतो, म्हणून प्रत्येक रचनेची मात्रासंख्या वहीच्या पानावर वर लिहून ठेवा आणि सुरू करण्याआधी मेट्रोनोमचा दिवा बघा. बाक कुठून किती काढले त्याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री ते जागेवर लावा. सकाळच्या मिसेला (प्रार्थनेला) साक्रिस्तांव, म्हणजे चर्चची देखभाल करणारा, एकटाच असतो.